डोंगरावर एकट्याला सोडत नाहीत

ओसाका,
२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही दोघे इकडे याल तेव्हा क्योतोच्या गर्दीत फिरण्यापेक्षा एखादे शांत देवस्थान पाहता येईल का, असे बाबांनी मागच्या महिन्यात विचारले होते. त्यासाठी दोन दिवसांची रजा काढून मी तोत्तोरी प्रांतातला मितोकुसान डोंगर आणि त्याच्या अलीकडचे मिसासा हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव पाहून आले. फोनवर सांगायला बसले असते तर आईने मध्येच 'जेवलीस का' म्हणून विषय बदलला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ओसाकाहून कुरायोशीपर्यंत थेट गाडी आहे. साधारण तीन तास लागतात. तिथून बस मिसासावरून डोंगराच्या पायथ्याशी जाते. मितोकुसानची उंची सुमारे ९०० मीटर. त्याच्या कुशीत सानबुत्सुजी म्हणजे 'तीन बुद्धांचे मंदिर' आहे आणि ते तेंदाई या जपानी बौद्ध पंथाचे आहे. शाक्यमुनी, अमिताभ आणि वैरोचन हे ते तीन बुद्ध. जपानी उच्चारांच्या आड लपलेली ही आपलीच नावे ओळखू आली की परदेशात असल्याचा क्षणभर विसर पडतो. इ. स. ७०६ मध्ये एन नो ग्योजा या तपस्व्याने हे स्थान स्थापिले अशी परंपरा आहे. त्याने पायथ्याशी एक देऊळ बांधले आणि मंत्रबळाने ते उचलून थेट कड्याच्या कपारीत भिरकावले, अशी कथा सांगतात. त्यावरूनच वरच्या देवळाला 'नागेइरेदो', म्हणजे आत फेकलेले देऊळ, असे नाव पडले. लाकडांच्या तपासणीवरून ते हेइआन काळाच्या उत्तरार्धातले असल्याचे दिसते, म्हणजे आपल्याकडे यादवांचे राज्य उभे राहत होते त्या सुमाराचे. बाबांना कथेपेक्षा ही माहिती अधिक रुचेल, हे मला ठाऊक आहे.

मी मोठ्या उत्साहाने सकाळीच पोहोचले, पण नोंदणीच्या खिडकीपाशीच अडकले. वर एकट्याने जायला परवानगी नाही. किमान दोघे हवेत. मी रोज व्यायाम करते, सह्याद्रीत वाढलेली आहे, वगैरे सारे मोडक्यातोडक्या जपानीत सांगून पाहिले. तिथल्या गृहस्थांनी ते अतिशय आदराने ऐकून घेतले आणि तितक्याच आदराने मला बाकावर बसवून ठेवले. तासाभराने साठी उलटलेल्या एक बाई आल्या, त्याही एकट्याच. आमची दोघींची नावे एका ओळीत लिहिली गेली आणि आमची जोडी ठरली. त्यानंतर बुटांची तपासणी झाली. माझ्या बुटांचे तळवे झिजलेले निघाले, तेव्हा तिथेच मिळणाऱ्या गवती चपला विकत घेऊन पायांत बांधाव्या लागल्या. (हे बूट बदल म्हणून आई वर्षभर सांगत होती, याची मला त्या वेळी आठवण झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.) टोकदार खिळ्यांचे बूट आणि हातातल्या काठ्या मात्र चालत नाहीत, कारण त्यांनी झाडांची मुळे दुखावतात. शेवटी गळ्यात एक पट्टा घालायला देतात. त्यावर 'मन धरून सहाही इंद्रिये शुद्ध होवोत' अशा अर्थाची अक्षरे असतात.

मुळांची एवढी काळजी का घेतात, ते पहिल्याच चढणीवर उमगले. तिथे पायऱ्या नाहीतच. उघड्या पडलेल्या मुळांचे जाळे हेच जिने आणि हेच कठडे. हाताने एक मूळ धरायचे, दुसऱ्यावर पाय रोवायचा आणि अंग वर ओढून घ्यायचे. पुढे एका खडकावर साखळी सोडलेली आहे. ती धरून वर गेले की मोन्जू, म्हणजे आपल्या मंजुश्रीचे, देऊळ लागते. पादत्राणे काढून त्याच्या लाकडी सज्जावरून प्रदक्षिणा घालायची असते. सज्जाला कठडा नाही, फळ्या किंचित बाहेर उतरत्या आहेत आणि खाली सरळ दरी आहे. मी भिंतीला पाठ लावून सरकत होते, आणि माझ्या जोडीदारीण बाई मात्र कडेला पाय सोडून बसल्या व मला संत्रे सोलून देऊ लागल्या. पूर्वी त्या दरवर्षी यजमानांबरोबर येत असत. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते खाली गावात थांबतात, असे त्या म्हणाल्या. त्यापलीकडे एक मोठी घंटा आहे. ती कोणीही वाजवू शकते, म्हणून मीही वाजवली.

कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, देवळामागून अंधाऱ्या, अरुंद वाटेने जावे लागते. आईच्या उदरातून पुन्हा जन्म घेतल्यासारखे ते मानतात. ती वाट संपून वळण घेतले की समोर नागेइरेदो उभे ठाकते. कपारीत टेकलेले लहानसे देऊळ, खाली उघड्या कातळावर रोवलेले बारीक, लांब खांब, आणि रंग पार उडून गेलेले लाकूड. आत जाता येत नाही. खालच्या खडकावरूनच हात जोडायचे. आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता तिथे उभ्या होतो. चढ-उताराला मिळून दोनेक तास लागतात, आणि उतरताना त्या बाई प्रत्येक अवघड जागी आधी खाली उतरून माझा पाय कुठे पडतो आहे ते पाहत होत्या.

तेव्हा स्पष्ट लिहिते: वर चढणे तुम्हा दोघांसाठी नाही, आणि 'मी अजून अजिंक्यतारा चढतो' हा बाबांचा युक्तिवाद त्या खिडकीपाशी चालणार नाही. निराश मात्र होऊ नका. खालच्या रस्त्यालगत एक जागा राखलेली आहे, तिथून दुर्बिणीतून नागेइरेदो दिसते आणि तिथूनच नमस्कार करण्याची रीत आहे. माझ्या जोडीदारीण बाईंचे यजमानही तिथूनच दर्शन घेतात.

मुक्काम मिसासाला करू. या गावाची दंतकथाही डोंगराशीच जोडलेली आहे. ११६४ साली मितोकुसानला निघालेल्या एका सामुराईने वाटेत दिसलेल्या म्हाताऱ्या पांढऱ्या लांडग्याला जीवदान दिले, आणि स्वप्नात त्याला झाडाच्या बुंध्याखालचा झरा दाखवला गेला. तीन सकाळी इथे उजाडल्या की दुखणे बरे होते, असा गावाच्या नावाचा अर्थ सांगतात. बाबा, या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. तुम्ही वर्गात आमच्याकडून घोकून घेतलेला ३.८ दिवसांचा अर्धायुकाल इथे माझ्या कामी आला. गावात रेडियम शोधणाऱ्या मेरी क्युरीचा अर्धपुतळा आहे आणि तिच्या नावाने उत्सवही भरतो. रेडॉनने दुखणी बरी होतात हा स्थानिकांचा दावा तुम्ही भुवया उंचावून ऐकाल. मी तो जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवते.

आई, हे पाणी उन्हवऱ्याच्या कुंडासारखे गंधकाच्या वासाचे नाही. नदीकाठी पुलाजवळ सर्वांना मोफत खुले असलेले एक कुंड आहे, पण तिथे पुरुष आणि स्त्रिया एकत्र स्नान करतात आणि पुलावरून सारे दिसते, तेव्हा ते आपण लांबूनच पाहू. अंगावर वस्त्र न ठेवता उतरायचे, ही इथली सर्वसाधारण रीत आहे. तुला संकोच वाटेल हे जाणून मी पाहिलेल्या निवासात फक्त कुटुंबापुरते कुंड तासाभरासाठी राखता येते का, ते विचारून आले, येते. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच पाण्यात शिरायचे. तुझ्या रक्तदाबाविषयी डॉक्टरांना विचारून ठेव. निवासात जो सुती झगा देतात त्याची डावी बाजू वर घ्यावी. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात. जेवणाचे थोडे अवघड आहे, कारण भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचे पाणी असते. आधी कळवावे लागेल. देवळाजवळ टोफू आणि रानभाज्या मिळतात, त्या तुला आवडतील.

आता माझी एक विनंती. गेल्या पावसाळ्यात घसरून पडल्यावरही बाबा उजाडण्यापूर्वी एकटेच गडावर जातात, असे आईकडून कळले. जाणे थांबवा असे मी म्हणत नाही. शेजारच्या काकांना सोबत घ्या, आणि बुटांचे तळवे एकदा आईला दाखवा. पहिल्या दिवशी दोघे किती वाजता परतलात, तेवढे मला कळवा.

आईच्या पासपोर्टची मुदत मार्चमध्ये संपते. त्याचा अर्ज याच आठवड्यात भरावा.

आपली,
मंजिरी