जीनी गन यांची पुस्तके मराठीत संपूर्ण यावीत

महोदय,

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील एल्सी या विस्तीर्ण कॅटल स्टेशनवर (म्हणजे गुरे पाळण्याच्या प्रचंड मळ्यावर) 1902 साली संसार थाटण्यासाठी गेलेल्या जीनी गन यांची दोन पुस्तके गोव्यातील एखाद्या प्रकाशकाने किंवा साहित्यसंस्थेने मराठीत आणावीत, आणि ती काटछाट न करता आणावीत, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

मेलबर्नमध्ये 1870 साली जन्मलेल्या जीनीबाई पेशाने शिक्षिका होत्या. पती एनियस गन यांच्याबरोबर त्या निघाल्या, तेव्हा त्या मुलखात बाईमाणसाचे काम नाही, अशा अर्थाच्या तारा स्टेशनवरून आल्या. तरीही पुराने भरलेल्या नद्या ओलांडत त्या एल्सीला पोहोचल्याच. जेमतेम वर्ष उलटते तोच मार्च 1903 मध्ये पती आजाराने गेले आणि त्यांना परतावे लागले. त्या अल्पकाळातील अनुभवांवर 1905 साली ‘द लिटल ब्लॅक प्रिन्सेस’ आणि 1908 साली ‘वुई ऑफ द नेव्हर-नेव्हर’ ही पुस्तके निघाली.

दुसऱ्या पुस्तकाचे मोठे बळ त्यातील दैनंदिन तपशिलात आहे. टपाल वर्षातून आठ वेळाच येते, आणि ते घोड्यावरून आणणाऱ्या ‘फिझर’ची वाट साऱ्या स्टेशनची माणसे डोळ्यांत प्राण आणून पाहतात. सामानाच्या बैलगाड्या पावसात अडकल्या की घराचे बांधकामही थांबते. डासांना आणि माश्यांना कंटाळून जेवणाच्या टेबलाभोवती जाळीची खोलीच उभारली जाते, आणि च्यॉन नावाचा चिनी आचारी स्वयंपाकघरासह सगळ्या घराचाच ताबा घेतो. पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी करणाऱ्या, सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ वाड्यांत राहिलेल्या आमच्या पिढीच्या बायकांना हे जग मुळीच परके वाटणार नाही.

मात्र या पुस्तकांची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे वाचकांपुढे यायला हवी. एल्सीची जमीन मंगराई आणि यांगमन या आदिवासी समाजांची होती. गुरांच्या कळपांनी त्यांचे पाणवठे आणि शिकारीची राने व्यापली. पहिल्या पुस्तकातील बेट-बेट या लहान आदिवासी मुलीविषयी लेखिकेला मनापासून माया आहे, पण ती माया वरून खाली पाहणारी आहे, आणि आदिवासींना पिटाळून लावण्यासाठी निघालेल्या गोऱ्यांच्या मोहिमांचा उल्लेख लेखिका फारशी न अडखळता करते. असे उतारे गाळून पुस्तक गोड करणे म्हणजे मराठी वाचकाला अर्धे सत्य देणे होय. उलट सोबत सविस्तर प्रस्तावना जोडावी, आणि तीत 2000 साली एल्सीची जमीन मूळ मालकांकडे परत गेल्याचेही सांगावे.

गोव्याने हे काम करावे असे वाटण्याचे एक कारण इथलेच आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत गवळी-धनगर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या रानात गुरे राखली, परंतु त्या घरांतील स्त्रियांनी स्वतः लिहिलेले पुस्तक माझ्या तरी हाती आजवर लागलेले नाही. एल्सीच्या मालकिणीने लिहिले, तिच्या घरी राबणाऱ्या आदिवासी बायकांना मात्र लिहिता आले नाही. हा फरक लक्षात घेऊन इथल्या एखाद्या मुलीने आजीच्या तोंडून ऐकलेले लिहायला घेतले, तर अनुवादाचे श्रम दुपटीने फळाला येतील.

अडचण हक्कांचीही नाही. लेखिकेचे निधन 1961 साली झाले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षेच स्वामित्वहक्क टिकत असल्याने, 2022 पासून भारतात या दोन्ही पुस्तकांच्या अनुवादाला कोणाची परवानगी किंवा मानधन लागत नाही. आपल्या रविवार पुरवणीने काही प्रकरणे क्रमशः छापायचे ठरवले, तर पहिला मसुदा करून देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वाळपई