इसेच्या देवळाविषयी आप्पांना पत्र

क्योतो,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईने पाठवलेला फराळ नीट पोहोचला. चकल्यासुद्धा अखंड आल्या. जपानची आवड असणे ठीक, पण तिच्यावर तळटिपांसह निबंध लिहून काय साधणार, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. तुमची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली असल्यामुळे आणि माझा विषयही बांधकामाचाच असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

मिए प्रांतात इसे येथे शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे सर्वांत मानाचे देवस्थान आहे. आतल्या देवळात सूर्यदेवता आमातेरासूचे आणि बाहेरच्या देवळात अन्नदेवता तोयोउकेचे स्थान आहे. दर 20 वर्षांनी ही देवळे शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा जशीच्या तशी बांधतात, देवतेला रात्रीच्या अंधारात नव्या गाभाऱ्यात नेतात आणि मग जुने देऊळ उतरवतात. पहिले असे स्थलांतर इ.स. 690 मध्ये झाले आणि 62वे 2013 मध्ये. पुढचे 2033 मध्ये व्हायचे असले तरी त्याचे विधी या वर्षीच सुरू झाले आहेत, कारण डोंगराच्या पायथ्याशी देवाची परवानगी मागून लाकूड तोडण्यापासून तयारीलाच आठ वर्षे लागतात. खांब पायाचा दगड न घालता थेट जमिनीत पुरलेले असतात आणि छप्पर गवताचे असते. असा खांब मातीत किती टिकेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथे येण्यापूर्वी मला या गोष्टीचे जे आकर्षण होते, ते चित्रफिती पाहून निर्माण झालेले होते. तेराशे वर्षांची अखंड परंपरा, हे वाक्य ऐकायला फार छान वाटते. आमच्या मार्गदर्शक बाईंचा मात्र एक साधा नियम आहे: प्रत्येक विधान कोणी, केव्हा आणि कशासाठी केले, ते सांगता आले पाहिजे. त्या नियमाने पाहू लागले, तेव्हा आवड कमी न होता तिला धार आली. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत हे काम 120 वर्षांहून अधिक काळ बंद पडले होते. बाहेरचे देऊळ 1563 मध्ये पुन्हा उभे राहिले, ते सेइजुन नावाच्या बौद्ध भिक्षुणीने वर्गणी गोळा केली म्हणून. शिंतो देवळासाठी बौद्ध भिक्षुणीने दारोदार फिरावे, ही गोष्ट मला त्या अखंडपणाच्या कौतुकापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तरीही माहितीपत्रकांत तिला सहसा एखादी ओळही मिळत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर 1949 चे स्थलांतरही पुढे ढकलावे लागले आणि ते 1953 मध्ये पार पडले; आजची 73, 93, 2013 ही मालिका तिथून मोजायची.

हा काळ 20 वर्षांचाच का, याचे कारण जुन्या कागदपत्रांत दिलेले नाही. बापाच्या हाताखाली मुलाने सुतारकाम शिकावे म्हणून, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. ते पटण्यासारखे आहे, पण परिणामालाच हेतू मानण्याची घाई त्यात दिसते, आणि निबंधात मी तसे स्पष्ट लिहिणार आहे.

लाकडाचा हिशेब मात्र खास तुमच्यासाठी. एका वेळेला हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, सुमारे 10,000 झाडे लागतात. देवस्थानच्या जवळच्या डोंगरांतले मोठे वृक्ष शतकांपूर्वीच संपले आणि लाकूड किसोच्या खोऱ्यातून आणावे लागू लागले. म्हणून 1923 मध्ये देवस्थानने स्वतःच्या जंगलासाठी दोनशे वर्षांची लागवड योजना आखली. ज्यांनी ती आखली, त्यांच्यापैकी कोणालाही त्या झाडाचा खांब झालेला दिसणार नव्हता. 2013 च्या वेळी त्या जंगलातले काही लाकूड प्रथमच कामी आले. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य इमारतीचा आढ्याखालचा खांब देवस्थानच्या वाटेवरील उजी पुलाजवळच्या तोरणात, म्हणजे लाकडी कमानीत, 20 वर्षे उभा राहतो, तिथून कुवाना आणि सेकी येथील जुन्या हमरस्त्यांवरच्या तोरणांत जातो आणि आणखी 20 वर्षे सेवा देतो.

आता अडचण तुलनेच्या भागाची आहे. जपानातच होर्यूजी हे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींचे विहार आहे आणि तिथे भर मूळ लाकूड राखण्यावर आहे. दुरुस्तीसाठी इमारत खोलली तरी तेच वासे पुन्हा जागेवर बसवतात. म्हणजे ‘जपानी लोकांना जुन्याचे मोल नाही, फक्त रूप हवे’ असे म्हणता येत नाही. भारतातून मी पुरीचा नवकलेवर विधी घेतला आहे, कारण तिथेही काष्ठमूर्ती बदलतात, शेवटच्या 2015 मध्ये. आपल्या पंढरपूरला मात्र झिजणाऱ्या मूर्तीवर वज्रलेप करतात, कारण पांडुरंग बदलायचा ही कल्पनाच वारकऱ्याला सहन होणार नाही. देव आणि देवाचे घर यांत इथे रेघ ओढावी लागते, आणि ती कुठे ओढावी यावर माझे तिसरे प्रकरण अडले आहे.

म्हणून एक काम सांगते. आपल्या गावच्या देवळाचा सागवानी सभामंडप उतरवून स्लॅब घातला, त्या कामाची जमाखर्चाची वही विश्वस्तांकडे असेल, तर तिच्या पानांचे फोटो काढून पाठवा. जुने खांब लिलावात गेले की कोणी वाड्याला लावले, आणि वर्गणी कोणाकोणाची होती, हे मला हवे आहे. आजीला त्या खांबांवरची नक्षी आठवत असेल, तर ती सांगेल तशीच लिहून घ्या. तिच्या आठवणीला मी तळटीप देईन.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
सई