पार्श्वसंगीताबद्दलही लिहा की!

संपादक महोदय,
सिनेसंगीत म्हटलं की आपल्या पुरवण्या गाण्यांपाशीच थांबतात, नुसतं पार्श्वसंगीत ऐकणारी जमातही आहे हो इथे. आता जपानी संगीतकार जो हिसाइशीचंच बघा. 'प्रिन्सेस मोनोनोके' या एकाच अ‍ॅनिमेचे (जपानी अ‍ॅनिमेशनपटाचे) त्याचे तीन अल्बम निघाले, १९९६ चा इमेज अल्बम म्हणजे सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच केलेल्या चाली, मग १९९७ चा साउंडट्रॅक आणि १९९८ चा सिंफॉनिक सूट, म्हणजे त्याच चाली मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेल्या, तो चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने वाजवलाय. बरेच जण सूटवर फिदा असतात, भव्य आहेच, वाद नाही, पण मला साउंडट्रॅकच जवळचा वाटतो, कारण त्यातले छोटे छोटे तुकडे कुणाला इम्प्रेस करायला जात नाहीत, बासरीसारखं काहीतरी वाजतं आणि संपतं, बस. याउलट संगीतकार हॉवर्ड शोरचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. पहिल्या भागाचा २००१ चा एक सीडीचा अल्बम छान होता, पण २००५ मध्ये त्याचं जवळपास तीन तासांचं अख्खं संगीत आलं तेव्हा कुठे कळलं की धून हळूहळू कशी वाढत जाते.
हल्ली 'एपिक' नावाखाली जे मिळतं ते म्हणजे पहिल्या मिनिटापासून ढोल आणि कोरस, अरे जरा श्वास घ्या! (ट्रेलरला ठीक आहे ते.)
मराठी सिनेमांचं पार्श्वसंगीत वेगळा अल्बम म्हणून क्वचितच येतं. निर्मात्यांना कुणीतरी विचारा ना, मी तरी विकत घेईन.
- एक वाचक, डोंबिवली