अण्णांच्या कारखान्यात आपल्याच सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत

सोलापूर,
रविवार

प्रिय बंड्या,

फोन केला असता तर अर्धं ऐकूनच तू भांडायला लागला असतास, म्हणून लिहितोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरी आहे. माझी शुगर आहे तिथंच आहे.

अण्णांच्या कारखान्यात आपल्या बिलं-पगाराच्या सॉफ्टवेअरची, तू-मी लिहिलेल्या, कुलूप तोडलेली प्रत बसली आहे. हो, आपल्याच अण्णांच्या. पहिलं बिल ज्यांनी फाडायला लावलं, त्या अण्णांच्या.

झालं असं. गेल्या शनिवारी दुपारी व्होल्टेज वरखाली झालं आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. मेकॅनिकनं बोर्ड बदलला, हार्डडिस्कही बदलली. मुनीमजींकडे पेनड्राइव्हवर बॅकअप होता, तू दरडावून लावलेली सवय. सगळं परत चढवलं आणि आपला प्रोग्रॅम म्हणाला, ‘हा परवाना या संगणकासाठी नाही.’ त्यांनी मला फोन लावला. मी आईबरोबर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, फोन बंद. शनिवार म्हणजे पगाराचा दिवस. मागवाल्यांचा हिशेब, टॉवेल शिवणाऱ्या बायकांचा डझनावरचा दर, प्रत्येकाची उचल, सगळं आपल्या प्रोग्रॅमच्या आत. बायका दारात ताटकळत उभ्या. शेवटी मेकॅनिकनं खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढला. ‘याच्यात बिनकुलपाचं आहे, टाकू का?’

दहा मिनिटांत पगारपत्रक छापून झालं.

सोमवारी अण्णांनी स्वतः फोन केला. लपवायला नव्हे, सांगायला. ‘मी पैसे भरलोय. दरवर्षी भरलोय. चोराची कॉपी चालते आणि माझी चालत नाही. आता मी चोर झालो का, तेवढं सांग.’ आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ती प्रत मी मागवून घेतली. फाइलमध्ये फक्त दोन-तीन बाइट बदललेत. तू महिनाभर जागून लिहिलेली ती तपासणी, डिस्कचा नंबर आणि बोर्डचा नंबर एकत्र करून किल्ली बनवणारी, तिला हातही लावलेला नाही. ती इमानदारीनं ‘नाही’ म्हणते आणि पुढच्याच ओळीत ते ‘हो’ धरलं जातं. बंड्या, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. चोरी झाली म्हणून तर आलाच. ती प्रत कुणी तरी शंभर-दोनशे रुपयांत विकतोय आणि त्यात तुझी-माझी वर्षं आहेत. पण जास्त यासाठी की चोराच्या प्रतीला कुलूपच नाही. म्हणजे कुलपाचा जाच होतो तो फक्त पैसे भरणाऱ्याला.

तू म्हणशील, मग उघडंच ठेवायचं का? सात रस्त्यावर चहाचे किती कप या भांडणात गेले आठवतंय ना? तुला तेव्हा डोंगल हवं होतं, म्हणजे जोडल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच होणार नाही असा किल्लीचा छोटा डबा. प्रिंटर पोर्टला लावायचं आणि मागे प्रिंटर जोडायचा. त्या डोंगलमुळे मुनीमजींच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर जे अगम्य काहीतरी छापून आलं होतं, त्याला अण्णा अजून ‘बंड्याची पत्रिका’ म्हणतात! आणि तू वरून मलाच बिल गेट्सचं १९७६ चं ते पत्र ऐकवायचास, हौशी लोकांनी त्याच्या कंपनीच्या ‘बेसिक’ या सॉफ्टवेअरच्या प्रती फुकट वाटल्या म्हणून लिहिलेलं. ते दुखणं मला कळतं. पण त्यानंतर काय काय झालं तेही बघ. लोटस १-२-३ या हिशेबाच्या तक्त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असावी लागायची. फ्लॉपी खराब झाली की विकत घेणारा अडकायचा, म्हणून भल्या माणसांनीही कॉपी करणारे प्रोग्रॅम विकत घेतले. २००५ साली सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडीतून ग्राहकांच्याच कॉम्प्युटरवर लपून बसणारा प्रोग्रॅम टाकला आणि शेवटी त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. ज्यांनी दुकानातून सीडी विकत आणली होती, त्यांच्याच घरात ही घुसखोरी झाली.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी कायदाही वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप प्रत काढू देतं. २०१२ साली आलेलं ६५अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. ज्याचे पैसे भरलेत तेच वापरून बायकांचे पगार करणाऱ्या अण्णांचा कसला हेतू? मी त्यांना सांगितलं, तुम्ही चोर नाही. ते म्हणाले, ‘तुझा प्रोग्रॅम म्हणतोय की.’

आता मला काय करायचंय ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. मशीनशी बांधलेलं कुलूप काढायचं. त्याऐवजी ग्राहकाच्या नावाची परवाना फाइल द्यायची, आपल्या डिजिटल सहीची. इंटरनेट नसलं तरी ती तपासता येते आणि नाव बदललं की सही जुळत नाही. तेच नाव प्रत्येक बिलावर, प्रत्येक पगारपत्रकावर छापायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुसऱ्याच्या नावाच्या बिलावर चादरी कोण पाठवेल? परवान्यात गडबड वाटली तर प्रोग्रॅमनं सांगावं, पण महिनाभर काम चालू द्यावं. आणि वार्षिक फी थकली तरी जुना हिशेब बघणं, छापणं, बाहेर काढणं कधीही अडता कामा नये. तो हिशेब त्यांचा आहे, आपला नव्हे. तू-मी उद्या नसलो तरी तो उघडला पाहिजे.

यातही पळवाटा आहेत. ज्यानं दोन बाइट बदलले तो सहीची तपासणीही उडवेल, नाव पुसेल. उडवू दे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाचं आठव. हजारापर्यंतच्या चादरीला तेव्हा ५ टक्के, त्यावर १२. चोरीच्या प्रतींना हे माहीतच नव्हतं. पूर्व भागातले किती तरी लोक तेव्हा आपल्या दारात आले आणि रीतसर पैसे मोजून गेले. त्यांना कुलपानं आणलं नव्हतं, आपण रात्री जागून केलेल्या बदलांनी आणलं. विकणाऱ्या त्या माणसाला मात्र मी सोडणार नाही. वकिलाशी बोललोय, नोटीस जाईल. तिथं तू म्हणशील तेवढा कडकपणा कर. ग्राहकाच्या टेबलावर नको.

मागवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. सोलापुरी चादर म्हणून दुसरीकडचा माल रस्तोरस्ती विकला जातो, तरी इथला कुणी आपल्या गिऱ्हाइकाच्या चादरीला बेडी घालत नाही.

तुझ्या पोरीचा दहावीचा निकाल कळला, पेढे कुठेत? वहिनींची बदली पुण्यातच राहिली ना? घराच्या हप्त्यांचं तू म्हणाला होतास, ते लक्षात आहे. गड्ड्याच्या जत्रेला यंदा तरी या सगळे. शेंगा चटणी कोल्हटकरकाकांच्या पोराबरोबर पाठवतोय.

कुलपाचा कोड तुझा आहे, तुला विचारल्याशिवाय एक ओळ काढणार नाही. पण अण्णांना मी पुढच्या शनिवारच्या आत नवी फाइल देतो म्हणालोय. तेव्हा गुरुवारपर्यंत हो किंवा नाही कळव, आणि नाही म्हणायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेसनं ये आणि अण्णांसमोर म्हण.

तुझा,
पक्या