एक आकडा बदलला की दुसऱ्याचे गुणपत्रक : सॉफ्टवेअर कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
महाविद्यालय व्यवस्थापन सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी

विषय : विद्यार्थ्यांच्या नोंदी उघड्या राहत असल्याबाबत व दुरुस्तीपर्यंत देखभालीचा हप्ता रोखल्याबाबत.

महोदय,

लातूर जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाचे प्रवेश, फी, परीक्षा अर्ज, बोनाफाईड, टी.सी. असे सगळे काम आपल्या सॉफ्टवेअरवर चालते. विद्यार्थ्याने लॉगिन करून स्वतःचे गुणपत्रक उघडले की लिंकच्या शेवटी एक अनुक्रमांक दिसतो. तो एकाने वाढवला की पुढच्या विद्यार्थ्याचे गुणपत्रक समोर येते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक यांच्या स्कॅन प्रतींना तर लॉगिनही लागत नाही, कारण अपलोडचे फोल्डरच सर्व्हरवर उघडे आहे.

आमच्या आधीच्या तक्रारीचे तिकीट आपण 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केले. प्रत्यक्षात फक्त स्क्रीनवरचे डाउनलोडचे बटण लपवले आहे, लिंक जशीच्या तशी चालते. मागणी आली की सर्व्हरने दर वेळी दोन गोष्टी तपासायला हव्यात : मागणारा कोण, आणि हा कागद त्याचा आहे का. गुणपत्रकाला आपण पहिलीच तपासता, दाखल्यांना तीही नाही. अनुक्रमांकाऐवजी लांब, अंदाज न येणारा क्रमांक द्या, फाइलची लिंक दहा मिनिटांत बाद करा, पण दुसरी तपासणी आधी. रोबॉट्स फाइलमध्ये (गूगलसारख्या शोधयंत्रांनी काय वाचू नये हे सांगणारी, कोणालाही उघडता येणारी फाइल) फोल्डरचे नाव घालून ते लपत नाही, उलट शोधणाऱ्याला आयता पत्ता मिळतो. गूगलवरून निकाल काढण्याची विनंतीही सुमारे सहा महिनेच टिकते, फाइल जागेवर राहिली तर ती पुन्हा वर येते.

'पासवर्ड विसरलो' दाबल्यावर एसएमएसने जुनाच पासवर्ड येतो. म्हणजे आपल्याकडे तो वाचता येईल असा साठवलेला आहे. तो हॅश करून, म्हणजे परत वाचता येणार नाही अशा रूपात बदलून, ठेवायचा असतो, आणि विसरला तर नवाच करायचा असतो. पहिला पासवर्ड जन्मतारीख ठेवण्याची पद्धतही बंद करावी. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) ओळीने असतात आणि जन्मतारीख अख्ख्या वर्गाला माहीत असते.

खेड्यांतली बरीच मुले फॉर्म ऑनलाइन सेंटरवर भरतात. घाईत सेंटरवाल्याचाच मोबाइल नंबर टाकला जातो आणि ओटीपी कायमचे त्याच्याकडे जातात. एक नंबर तीनपेक्षा जास्त विद्यार्थ्यांना लागला तर कार्यालयाला सूचना आली पाहिजे. लॉगिनही दहा मिनिटे हालचाल नसेल तर आपोआप बंद व्हावे. आज ते दिवसभर चालू राहते आणि त्याच खुर्चीवर पुढचा येऊन बसतो.

आपले गोपनीयता धोरण वाचून तर थक्क झालो. त्यात फर्पाचा दाखला आहे! तो अमेरिकेचा १९७४ चा कायदा, तिथल्या शिक्षण विभागाचा निधी घेणाऱ्या संस्थांसाठीचा. पत्ता आणि फोन 'डिरेक्टरी माहिती' म्हणून उघड करण्याची मुभा आपण तिथूनच उचललेली दिसते, कारण विद्यार्थी यादीत फोटो, मोबाइल, गाव सगळे दिसते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचेही. आमच्याकडे भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यानुसार काम आपण केले तरी जबाबदारी महाविद्यालयावर राहते, म्हणूनच हे पत्र.

शुल्कमाफीच्या रकान्यात 'आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंब' ही नोंद आहे आणि ती ग्रंथालयाच्या लॉगिनलाही दिसते. पुस्तक देणाऱ्याला नाव, वर्ग आणि थकीत पुस्तके एवढेच पुरे. जात, उत्पन्न आणि ही नोंद फक्त शिष्यवृत्ती लिपिकाला दिसावी, आणि कोणी कधी पाहिली याची नोंद राहावी. आधारचे शेवटचे चार अंकच दाखवावेत.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळती लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते आणि लॉग (सर्व्हरवरील वापराच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. आपण कळवले का, हे लेखी सांगा. अपलोड फोल्डरचे १८० दिवसांचे लॉग द्या : कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरील पत्त्यावरून), कोणती फाइल, किती वेळा. त्यावरूनच कोणत्या विद्यार्थ्यांना कळवायचे ते ठरेल. आपले कर्मचारी सगळ्या महाविद्यालयांसाठी वापरतात ते एकच 'ॲडमिन' लॉगिन आजच बंद करा.

फोल्डर २४ तासांत बंद व्हावे, बाकी दुरुस्ती १५ दिवसांत. आम्ही स्वतः तपासून पाहू, मगच हप्ता.

आपला,
कार्यालयीन अधीक्षक

सोबत : सहा स्क्रीनशॉट (विद्यार्थ्यांची नावे व क्रमांक काळे केले आहेत, आपणही पुढे पाठवताना तसेच ठेवावेत)