राजीनामा मंजूर झाल्यावर आई-बाबांना लिहिलेलं पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

राजीनामा मंजूर झाला. महिनाअखेरीस मी मोकळी होईन आणि मग पूर्ण वेळ लाकूडकाम. फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून लिहिते आहे.

आधी तुमच्या काळजीचं. वर्षभराचा घरखर्च आणि जागेचं भाडं बाजूला काढलं आहे. आरोग्य विमा नोकरीच्या भरवशावर नाही, माझा स्वतंत्र आहे. तुमच्या दोघांच्या विम्याचा हप्ता आत्तासारखाच माझ्या खात्यातून जाईल, त्यात काहीही बदलणार नाही. वर्कशॉप घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, उजेड भरपूर आहे. भुसा ओढून घेणारं यंत्र पहिल्यांदा घेतलं, बाकीची हत्यारं नंतर. मास्क लावल्याशिवाय रंधा हातात घेत नाही. आई, माझ्या लहानपणीच्या त्या खोकल्याच्या रात्री मी विसरलेले नाही, डॉक्टरांना विचारूनच या कामात पडले आहे. जेवण वेळेवर होतं. उलट आता दुपारी घरी येऊन जेवता येईल, थोडं आडवंही होता येईल.

बाबा, मागच्या वेळी तुम्ही "हे सगळे मनातले मांडे आहेत" म्हणालात. आत्या समोर होती म्हणून मी गप्प राहिले. पण तुमची शंका रास्त आहे, आणि तिला नीट उत्तर द्यायचं आहे. डोळे मिटून आपल्याला हवं ते आयुष्य रंगवत बसलं की ते आपोआप चालत येतं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझा त्यावर विश्वास नाही. गॅब्रिएले ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याचाच अभ्यास केला. नुसतं गोड चित्र रंगवणाऱ्यांचा जोर उलट कमी होतो, असं त्यांना दिसलं. मनाला वाटतं, मिळालंच की! त्या सांगतात ते वेगळं: हवं ते स्पष्ट बघायचं, आणि लगेच त्याच्या वाटेत आपल्या आत काय आडवं येतं तेही बघायचं. पेटर गोल्विट्झर यांनी त्याला जोड दिली ती 'असं झालं तर मी तसं करीन' हे आधीच ठरवून ठेवण्याची.

मी तेच केलं. दारावरची पाटी आणि चकचकीत टेबलं मी फारशी पाहिलीच नाहीत. मी पाहिली सकाळची रिकामी वेळ, जेव्हा कुणीच काम घेऊन येत नाही आणि हात मोबाईलकडे जातो. तसं झालं तर उठून पटाश्यांना धार लावायची. गिऱ्हाईक पैसे लांबवतंय आणि मला मागायला संकोच वाटतोय, हेही पाहिलं. तसं झालं तर उरलेली रक्कम आल्याशिवाय वस्तू हलवायची नाही, आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यायचं. भिडस्तपणा कुणाकडून आला ते तुम्हाला ठाऊक आहे. पाठ धरली, सांधा उघडा पडला, पावसाळ्यात लाकूड फुगलं, सगळं पाहून झालं आहे. त्यानंतरही रोज तिथे जावंसं वाटलं, तेव्हा राजीनामा लिहिला.

आणि हे मला शिकवलं कुणी? वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री तुम्ही माझ्या उशाशी बसायचात. "डोळे मीट. तुझं नाव पुकारलं. आता ऊठ. स्टेजच्या पायऱ्या चढ." मग विचारायचात, "मध्येच विसरलीस तर कुठल्या वाक्यापासून धरशील?" बक्षीस घेताना बघ, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. शेली टेलर आणि लिएन फाम यांचा 1999 मधला प्रयोग वाचला तेव्हा मला तुमचाच हात डोक्यावर आल्यासारखा वाटला. परीक्षेआधी ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला अभ्यास करताना पाहिलं, त्यांचा अभ्यास जास्त झाला आणि गुणही वाढले. चांगले गुण मिळाल्याचं चित्र बघणाऱ्यांना तेवढा उपयोग झाला नाही. 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, त्याला काही दिसेना. पण तशा अडचणींसकट शर्यत त्याने मनात कितीतरी वेळा पोहून ठेवली होती. किती हात मारले ते मोजत तो पोहला, आणि सुवर्णपदक विश्वविक्रमासह घेतलं.

तुम्ही तेव्हा आमच्यासाठी जे सोडलंत, त्याच्याशेजारी माझा निर्णय ठेवून बघू नका, बाबा. तुमचं सोडणं मोठंच होतं. त्याच्याच जोरावर मला आज निवडता येतंय.

आता तुमच्या गुडघ्याचं. ऑपरेशन आणखी पुढे ढकलायचं नाही. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांवरही ओटिंगेन यांचा अभ्यास आहे, 2002 चा. आपण बरे होऊ अशी खात्री असणारे चांगले सावरले. पण सगळं कसं झटपट छान होईल याच्या कल्पनेत रमणारे मागे पडले. तेव्हा ऑपरेशन झालं की आठवड्यात फिरायला जाणार, असं शेजारच्या काकांना सांगत बसू नका. रोज रात्री फक्त एवढं बघा: पलंगाच्या कडेला बसलो, वॉकर धरला, दुखतंय, तरी उठलो. दुखलं तर थांबून श्वास घेणार आणि फिजिओथेरपिस्टला सांगणार, व्यायाम बंद करणार नाही. 1992 मध्ये यू आणि कोल यांनी लोकांना करंगळीचा व्यायाम नुसता मनात करायला लावला, तर ताकद 22 टक्के वाढली. प्रत्यक्ष करणाऱ्यांची 30 टक्के. म्हणजे मनातल्याचा उपयोग आहे, पण प्रत्यक्ष व्यायाम चुकवायचा नाही. आई, तू लक्ष ठेव.

आणि आई, डोळे मिटल्यावर तुला काळोखाशिवाय काही दिसत नाही म्हणून तू खट्टू झालीस. तुझ्यात काही कमी नाही. अशी माणसं पुष्कळ असतात. ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी 2015 मध्ये त्याला अफँटेझिया असं नाव दिलं, आणि फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी तर 1880 मध्येच ते नोंदवलं होतं. तू चित्र बघू नकोस, शब्दांत सांग. उद्या सकाळी उठून काय करायचं, पाय कुठे ठेवायचा, हात कशाला धरायचा, ते हळू आवाजात बोल. ते बाबांनाही ऐकू येईल, दोघांचं काम होईल. बाथरूममध्ये धरायला दांडा मात्र खराखुरा बसवून घे, या आठवड्यातच. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, आठवण झाली की तेव्हा नाही.

ऑपरेशनच्या वेळी मी तिथेच असेन. आता रजेसाठी कुणापुढे हात जोडायला नकोत, हाही या निर्णयाचा एक फायदा. अण्णांच्या खोलीतली खुर्ची तेव्हा दुरुस्त करून देईन. बैठक थोडी उंच करते, म्हणजे बाबांना उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. तोवर ती कुणाला देऊ नका, मामाला तर मुळीच नाही.

डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि मला कळवा. रागावला असलात तरी कळवा.

तुमची,
मनू