व्हेर्नर चुकला, पण कुठे?

महोदय,

भूशास्त्रज्ञ आब्राहाम गॉटलोब व्हेर्नर (१७४९-१८१७) म्हणजे ‘बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) पाण्यात साचून झाला म्हणणारा जर्मन’, एवढीच ओळख उरावी हे पटत नाही. १७७५ पासून त्याने फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकवले. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट, खनिजांच्या कठिनतेची १ ते १० श्रेणी देणारा मोस, भूशास्त्रज्ञ फॉन बुख हे त्याचेच विद्यार्थी.

१७७४ च्या पुस्तकात त्याने खनिज ओळखण्याची बाह्य लक्षणे ठरवून दिली: रंग, चमक, भंग (तुटल्यावर दिसणारा पृष्ठभाग), कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), कठिनता, हाताला लागणारा गारवा, अगदी चवसुद्धा. आजही नवशिके रंगावर भाळतात आणि फसतात. हेमॅटाइट हे लोहखनिज काळे-करडे दिसते, पण बिनचकाकीच्या चिनी मातीच्या फरशीवर घासले की तांबूस रेघ उमटते. तुकडा ताजा फोडून घ्यावा. हवापाण्याने गंजलेला पृष्ठभाग खोटे बोलतो. आणि मोसच्या श्रेणीवर कठिनता सातच्या वर असेल तर खनिजाऐवजी फरशीच खरवडली जाते!

चूक झाली ती जर्मनीतल्या शाइबेनबर्गच्या टेकडीवर. बेसॉल्टच्या खांबांखाली वाळू, चिकणमाती असे थर त्याला एकमेकांत मिसळत गेलेले दिसले. म्हणून सगळेच पाण्यातले, असे त्याने १७८८ मध्ये मांडले. प्रत्यक्षात जुन्या नदीच्या गाळावरून लाव्हा वाहिला होता. ज्वालामुखी म्हणजे जमिनीखाली पेटलेला कोळसा, असे तो मानी. फॉन बुखने फ्रान्सातल्या ऑव्हेर्न्यचे ज्वालामुखी पाहिले आणि गुरूचे मत सोडले.

आपल्या घाटांतही बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. निरीक्षण व्हेर्नरसारखेच करावे, निष्कर्ष मात्र जपून.

– एक वाचक, पुणे